वर्षभराचा देखभाल करार: पन्हळीचं काम चोख, पण चिऱ्याच्या भिंतीला जेट लावू देऊ नका

गोव्यात फोंडा तालुक्यात आमचं जुनं घर आहे. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि कुंपणही चिऱ्याचंच, गिलावा न केलेलं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही घराच्या बाहेरच्या साफसफाईचा आणि देखभालीचा वार्षिक करार केला. आता नूतनीकरणासाठी कंपनीचे फोन सुरू झालेत, म्हणून वर्षभरात काय पाहिलं ते लिहिते. पॅकेज असं होतं. पावसाआधी एक फेरी, चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) एक, दिवाळीच्या सुमारास एक आणि थंडीत एक. छप्पर, पन्हळी, भिंती, अंगण सगळं त्यात आलं. १८ हजार रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये पडले. निम्मे आधी, निम्मे चवथीनंतर.

एवढे पैसे घालायचं कारण साधं. कौलं परतायला येणारे आमचे नेहमीचे काका आता वयामुळे शिडी चढत नाहीत आणि त्यांची मुलं वेर्णेला कारखान्यात लागली. नारळ काढायला पाडेली मिळत नाही, तर छपरावर चढायला माणूस कुठून मिळणार?

मे महिन्यातली पहिली फेरी झाली त्या संध्याकाळी घर इतकं लख्ख दिसत होतं की सासूबाईंनी शेजारणीला बोलावून कुंपण दाखवलं. काळं पडलेलं शेवाळ गेलं होतं आणि चिरा खाणीतून आज काढल्यासारखा तांबडा दिसत होता. त्या दिवशी विचारलं असतंत तर मी पाचपैकी पाच दिले असते.

दुसऱ्या दिवशी केर काढताना भिंतीच्या पायथ्याशी लाल भुकटीचा पट्टा दिसला. तो झाडला, तर त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. भिंतीवर अंगठा घासला की बोट लाल होत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर जेटची, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणाऱ्या मशीनची, टोटी जिथून जिथून फिरली होती तिथे बोटभर रुंदीचे आडवे ओरखडे होते, चिऱ्याची छिद्रं मोठी झाली होती आणि दोन चिऱ्यांमधल्या दरजांतला जुना चुना काही ठिकाणी पार निघून गेला होता. पडवीच्या कोपऱ्यातल्या एका दरजेत माझ्या करंगळीचं पहिलं पेर आत जात होतं.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून तर तो सहज कापता येतो. हवा लागली की त्यातली लोहद्रव्यं घट्ट होतात आणि दगड वरून कडक होतो. तीच कडक पाठ दरवर्षी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेते. पूर्वी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायचे ते याच पाठीला झडीचा मारा लागू नये म्हणून. साध्या घरगुती मशीनचासुद्धा दाब १०० बारच्या वर जातो आणि टोटी अरुंद असेल तर तो सगळा एका रेषेत बसतो. शेवाळाबरोबर चिऱ्याची पाठही निघते. एकदा निघाली की आतला मऊ भाग उघडा पडतो, तो जास्त पाणी पितो आणि शेवाळ तिथेच आधी धरतं. जुलै संपेपर्यंत आमच्या कुंपणावर हिरवे पट्टे उठले ते बरोबर त्या ओरखड्यांवर. न धुतलेला विहिरीकडचा भाग त्यापेक्षा स्वच्छ होता.

मी फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, ही नैसर्गिक झीज आहे." साठ-सत्तर वर्षांत झाली नाही ती झीज एका सकाळीत कशी होईल? मग सुपरवायझर म्हणाला, दरजा आम्ही सिमेंटने भरून देतो, फुकट. त्याला मी ठाम नकार दिला. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक आणि गच्च असतं. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून हळूहळू बाहेर पडतं. दरज सिमेंटने बुजवली की ते दगडातून वाट काढतं आणि मग दगडच पापुद्रे सोडतो. आमच्याच वाड्यावर अशी दोन घरं आहेत. दरजा शाबूत आणि त्यांच्यामध्ये चिरे आत गेलेले. मला चुना आणि वाळूच हवी होती आणि तसं करून मिळेपर्यंत दुसरा हप्ता देणार नाही असं मी लिहून कळवलं.

त्याच सुमारास देवघरावर गळायला लागलं. याचं कारणही जेटच. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला खुंटी असते, ती रिपेत (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीत) अडकते, आणि वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं. पाणी वरून खाली येणार हे धरूनच ती रचना आहे. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून मूळ कल्पना तीच. शिडीवर उभं राहून वळचणीकडून वर जेट मारला की पाणी उलट्या दिशेने सांध्यात घुसतं आणि हलकं बसलेलं कौल जागचं सरकतं. आमची काही कौलं तशीच सरकली होती. मे महिन्यात ते कळलं नाही, कारण तेव्हा पाऊसच नव्हता.

इथपर्यंत माझं मत झालं होतं की हा करार म्हणजे पैसे पाण्यात.

चवथीआधीच्या फेरीने ते बदललं. माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची मांडणी) बांधायची त्याच्या आधीच्या आठवड्यात नवी तुकडी आली. तिच्यात पेडण्याकडचे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि मशीन गाडीतून उतरवूच दिलं नाही. "वहिनी, ह्या दगडाला मशीन लावायचं नसतं. काथ्याचा कुंचा आहे का घरात?" कुंचा, पाणी आणि वेळ, एवढ्यावर त्यांनी पडवीची भिंत साफ केली. तिला तांबडी झळाळी आली नाही, पण भुकटीही पडली नाही. पावसाची उघडीप बघून पट्टा बांधून वर चढले, सरकलेली कौलं हाताने बसवली, तडे गेलेली बदलली. गळती त्याच दिवशी थांबली.

आणि पन्हळी! दोन उतार मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत आंब्याची पानं कुजून मातीच झाली होती आणि त्यात पिंपळाचं रोप उगवलेलं. ते त्यांनी मुळासकट काढलं, पन्हळ हाताने उपसली, वर बादलीने पाणी ओतून खाली नळातून धार पूर्ण येते का ते मला बोलावून दाखवलं. आमचे काका कौलं उत्तम परतायचे, पण पन्हळीकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नाही. दरवर्षी माजघराच्या भिंतीला येणारी ओल या वेळी आली नाही. रंगाचा खर्च वाचला तो वेगळाच. या एका कामासाठी मी या लोकांना मानते.

दरजांचा प्रश्न दिवाळीनंतर, भिंत सुकल्यावर सुटला. मॅनेजर स्वतः येऊन पाहून गेले, चुन्याचं काम करून दिलं आणि मी उरलेला हप्ता दिला. ओरखडे मात्र कायमचे. ते कोणीही भरून देऊ शकत नाही.

औषधांबद्दल थोडं. शेवाळ मारायला ते सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी मारतात. काम करतं, पण तुळशीवर आधी प्लास्टिक घाला आणि ओघळ विहिरीकडे जाणार नाही हे उभं राहून बघा. लादी धुवायला ॲसिड आणलं असेल तर दोन्ही एका दिवशी वापरू देऊ नका. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. पडवीतल्या लाल सिमेंटच्या फरशीला तर ॲसिड नकोच, रंग जातो.

ज्यांचं सिमेंटच्या गिलाव्याचं, स्लॅबचं घर आहे त्यांना जेटचा एवढा त्रास होणार नाही. रुंद फवाऱ्याची टोटी लावून लांबून मारायला सांगा, पुरे. चिऱ्याचं आणि कौलाचं घर असेल तर मात्र कामाच्या कागदावर सही करण्याआधी त्यावर हाताने तीन गोष्टी लिहून घ्या: उघड्या चिऱ्यावर जेट नाही, कौलांवर जेट नाही, दरजा फक्त चुन्याने. तोंडी सांगितलेलं पुढच्या तुकडीपर्यंत पोचत नाही, कारण दर वेळी माणसं बदलतात.

मी करार पुन्हा करतेय, पण भिंती वगळून. छप्पर, पन्हळी आणि अंगणाचा निचरा एवढ्याचे त्यांनी १४ हजार सांगितले होते, १२ वर आणले. भिंतीला मी आणि माझी जाऊ दिवाळीनंतर कुंचा लावू. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी एप्रिलच्या मध्याआधी तारीख पक्की करा. मे उजाडला की सगळ्यांनाच पावसाची आठवण होते आणि चांगली तुकडी मिळत नाही.