भाड्याचा गाळा, फोंडा तालुका: माल उतरवायला उत्तम, पावसाला कच्चा

खोकी, लेबले, पीठ, मसाला, असा ओलीला भिणारा धंदा असेल तर हे वाचा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका औद्योगिक वसाहतीत एका खासगी बिल्डरने बंद पडलेल्या कारखान्याच्या प्लॉटवर आठ गाळे बांधून भाड्याने दिलेत. त्यातला एक माझ्याकडे आहे. मी पुठ्ठ्याचे कॉरुगेटेड बॉक्स करते. गिऱ्हाईक म्हणजे काजूवाले, आणि वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना माल पुरवणारे दोघे-तिघे. बिल्डरचे नाव देत नाही. करार अजून चालू आहे आणि माणूसही वाईट नाही.

फाटकावरच्या पाटीवर ‘बिझनेस पार्क’ लिहिले आहे. आठ गाळे, वॉचमनची खोली आणि एक कोरडे कारंजे. पार्क म्हणायचे तर म्हणा.

आधी चांगले सांगते, कारण ते खरेच चांगले आहे. गाळ्याचा ओटा ट्रकच्या फाळक्याइतका उंच ठेवलाय. ज्याने कधी क्राफ्ट पेपरचे, म्हणजे खोक्याच्या तपकिरी कागदाचे, रीळ उतरवले नाही त्याला यात काय मोठे ते कळणार नाही. वापीहून येणारे एकेक रीळ पाचशे किलोच्या पुढचे. जुन्या जागेत आम्ही खाली ट्रकची टायरे टाकायचो आणि वरून रीळ ढकलून द्यायचो. टायरवर पडून ते उडायचे, कड चेपायची, आणि वरचे कित्येक वेढे सोलून रद्दीत. चेपलेली कड मशीनवर चढली की कागद फाटतो, म्हणजे फाटला तेवढ्यावर भागत नाही, पुन्हा सगळे जोडून घ्या. इथे फाळका उघडला, लोखंडी पत्रा टाकला की रीळ दोन माणसांच्या हाताने गडगडत थेट आत येते. रद्दी निम्म्यावर आली. मोठा कंटेनर मागे-पुढे न करता एका झटक्यात वळेल एवढे अंगणही सोडलेय. आमचा टेम्पोवाला पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा, 2012 ला खाणी थांबल्या तेव्हा तो विकून हा छोटा टेम्पो घेतला. गाड्या वळवण्यातले त्याला कळते, आणि त्याने या अंगणाला पहिल्याच दिवशी पास केले.

फरशी ट्रायमिक्सची, म्हणजे जादा पाणी ओढून घट्ट केलेल्या काँक्रीटची, अजून कुठे तडा नाही. बायकांसाठी वेगळा संडास आहे आणि त्याला पाणी असते. हे लिहावे लागते यातच काय ते समजा.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जून-जुलैत तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. या गाळ्यांना हवेसाठी पश्चिमेच्या भिंतीत वरच्या बाजूला झडपा ठेवल्यात, कायमच्या उघड्या. पाण्याची धार येत नाही, तुषार येतात. तेवढे पुरे. कागद हवेतली ओल पितो, बॉक्स मऊ पडतो, थप्पीतला सगळ्यात खालचा बसतो. काजूवाल्याने दोन बोटांनी खोक्याची कड दाबून दाखवली आणि माल परत धाडला. बिल्डरच्या मॅनेजरला बोलावले तर म्हणतो, “मॅडम, ही हवा आहे, गळती नाही. गळतीची गॅरंटी आहे.” शेवटी मी स्वखर्चाने बाहेरून पत्र्याची झापे मारली. उन्हाळ्यात त्यामुळे आत भट्टी होते, तेही सांगून ठेवते.

विजेचे दुसरे. जनरेटर आहे असे दाखवतात, पण तो पंपाला आणि अंगणातल्या दिव्यांना. गाळ्यांना नाही. गोव्यात बहुतेक सगळी वीज बाहेरून येते आणि पहिल्या पावसात फांद्या तारांवर पडल्या की दिवसातून दोन-चारदा जाते. माझे रोलर तापवून कागदाला खळ लागते. वीज गेली की खळ अर्धवट शिजते, पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटतात, आणि रोलर परत तापेस्तोवर बायका बसून. पाच मिनिटांच्या खंडाला पाऊण तास जातो. स्वतःचा जनसेट धरूनच भाड्याचा हिशोब करा.

स्वतःचा प्लॉट का घेतला नाही, असे लोक विचारतात. 1966 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे राज्यात वीसच्या वर वसाहती झाल्या. आमच्याच तालुक्यात कुंडई, मडकई, बेतोडा, शिरोडा. पण गोवा सगळा मिळून 3,702 चौरस किलोमीटर. नवी वसाहत म्हटली की कुणाचे तरी कुळागर (पोफळी-नारळाची बाग) जाते नाहीतर कुणाची टेकडी. सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, वेळी लोक रस्त्यावर उतरले आणि 2007 संपता संपता सरकारने माघार घेतली. केरीला येणारा नायलॉनचा कारखाना लोकांनी आंदोलन करून घालवला, ते प्रकरण तर फोंडेकरांच्या घराघरात माहीत आहे. मला त्या भांडणात पडायचे नाही आणि पैसा जमिनीत अडकवायचाही नाही, तो मशीनमध्ये हवा. बंद कारखान्याची जागा अशी वापरात आणणे मला नव्या टेकड्या कापण्यापेक्षा शंभर पटींनी शहाणपणाचे वाटते. म्हणूनच राग येतो: एवढे डोके ट्रकसाठी चालवले, थोडे पावसासाठी आणि माणसांसाठी चालवायचे होते. कँटीनला कुलूप आहे, सगळे फाटकाबाहेरच्या गाड्यावर पातळ भाजी-पाव खातात. (भाजी चांगली असते.) संध्याकाळी सुटल्यावर बायकांना बससाठी हायवेपर्यंत चालावे लागते, आणि मधल्या तुकड्यावर दिवे नाहीत. मार्दोळची एक चांगली कामगार याच कारणाने सोडून गेली.

पाचपैकी साडेतीन. मी करार वाढवलाय, पण झडपांना बंद होणारे पत्रे आणि रस्त्याला दिवे या दोन गोष्टी त्यात लिहून घेतल्या. तुम्हाला जागा बघायला मार्चमध्ये बोलावले तर जाऊ नका, जुलैत जा. पोटभाड्याची महामंडळाची परवानगी आहे का, तो कागद मागून बघा. आणि कोपऱ्यातला गाळा स्वस्तात देऊ म्हणाले तरी कागदवाल्यांनी घेऊ नये, तिथे मारा दोन बाजूंनी येतो. फॅब्रिकेशनवाल्यांना तो चालेल.