32 वर थांबायचं की 64 लावायची?

माझा मामेभाऊ दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांचे ड्रोनने फोटो काढतो आणि ते जोडून शेतकऱ्यांना नकाशे करून देतो. मोठ्या बागेचे फोटो एकत्र जोडायला घेतले की त्याच्या थिंकपॅड टी480 ची 32 जीबी रॅम भरते, उरलेलं सगळं एसएसडीवर जातं आणि काम रांगायला लागतं. कंपनीच्या माहितीपत्रकात कमाल 32 जीबीच लिहिलेली आहे. "दादा, 64 लावू का?" त्याने विचारलं.

आधी ही मर्यादा कुठून आली ते बघायला हवं. टी480 बाजारात आला 2018 च्या सुरुवातीला. तेव्हा लॅपटॉपसाठी डीडीआर4 (त्यात बसणारा रॅमचा प्रकार) ची 32 जीबीची एक स्टिक, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारी रॅमची पट्टी, दुकानात मिळतच नव्हती. जे तपासून बघता आलं तेच कंपनीने लिहिलं. त्यातल्या आय5-8250यू प्रोसेसरसाठी खुद्द इंटेलनेही 32 च लिहिलंय, तरी 32 च्या दोन स्टिक घालून हे मशीन अनेकांकडे व्यवस्थित चालतं. 2012 च्या 13 इंची मॅकबुक प्रोचंही असंच. अॅपल 8 म्हणतं, चालते 16.

पण प्रत्येक मर्यादा कागदावरचीच असते असं समजू नका. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये डीडीआर3 (आधीच्या पिढीची रॅम) ची 16 जीबीची एकच स्टिक चालत नाही, कारण त्यातल्या जास्त क्षमतेच्या चिप्स त्या प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरला (रॅम सांभाळणाऱ्या भागाला) हाताळता येत नाहीत. दोन स्लॉट असतील तर 8 अधिक 8, तिथे विषय संपला. आणि रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल, दुसरा स्लॉटही नसेल, तर बाजारात फिरण्यात अर्थ नाही.

मर्यादेत राहण्याचा फायदा सरळ आहे: खर्च कमी, वॉरंटीचा वाद नाही. एकच 16 ची स्टिक असेल तर दुसरी 16 ची घाला. ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करतात, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग येतो. कॉलेज, टॅली, ऑफिसचं काम असणाऱ्यांनी इथेच थांबावं, असं मी ठामपणे सांगेन. त्यांना 64 चा काडीचाही उपयोग नाही.

मर्यादा ओलांडायची ती ड्रोनचे नकाशे किंवा एकावेळी चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारे वेगळे कॉम्प्युटर) चालवणाऱ्यांनी. पण 64 साठी जुन्या दोन्ही स्टिक काढाव्या लागतात, आणि 2025 च्या शेवटापासून एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव चांगलेच चढलेत. चुकीची खरेदी आता जास्त जड जाते.

म्हणून भावाला मी मधला रस्ता सुचवला: 32 ची एकच स्टिक घे, जुनी 16 ची एक ठेव. 48 जीबी होते. त्यातली पहिली 32 जीबी ड्युअल चॅनलवर चालते, फक्त वरची 16 सिंगल चॅनलवर. खर्च निम्मा होतो, आणि आपलं मशीन 32 ची स्टिक घेतं की नाही तेही कळतं. पुढे पैसे आले की दुसरी 32 ची घालता येते.

नाशिकच्या एम. जी. रोडला रॅम घ्यायला जाल तर लॅपटॉप सोबत न्या. दुकानातच स्टिक बसवून बघा, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) पूर्ण आकडा दिसला तरच पैसे द्या. नाही चालली तर परत घेणार का, हे आधीच विचारून ठेवा. टी480 मध्ये एक बॅटरी आतही असते, झाकण उघडण्याआधी ती बायोसमधून बंद करायला विसरू नका. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही वेळ काळी राहू शकते. घाबरून बटण दाबू नका. घरी आल्यावर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आली तरी ती स्टिक परत करा, कारण खराब रॅम फाइल गुपचूप बिघडवते आणि ते कळेपर्यंत नकाशा शेतकऱ्याच्या हातात पोचलेला असतो.