रॉकेट ८८ : फाटक्या स्पीकरची रेकॉर्ड आणि तिच्या धडधाकट नकला

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी पाल्हाळ लावणार आहे. ‘रॉकेट ८८’ या अमेरिकन गाण्याची जॅकी ब्रेन्स्टननं गायलेली १९५१ ची मूळ रेकॉर्ड : पाचपैकी पाच. बिल हेलीनं त्याच वर्षी केलेली : तीन. जेम्स कॉटनची १९७४ ची : चार. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथूनच कटले तरी माझी हरकत नाही.

मी पुण्यात स्पीकर रिकोनिंगचं काम करतो. फाटका कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, काढायचा, जळलेली व्हॉइस कॉइल बदलायची, नवा स्पायडर बसवायचा, कॉइल बरोबर मधोमध आली की चिकटवायचं. गणपतीच्या आधी तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आयुष्यभर हेच केल्यामुळं कुठलंही गाणं लागलं की सुरांच्या आधी मला स्पीकरची तब्येत कळते. ही रेकॉर्ड मला एका गिऱ्हाइकानं ऐकवली. कॉलेजातला पोरगा, गिटारचा छोटा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकरवाला डबा, घेऊन आला होता. कोनला बोटभर चीर. मी कागद आणि गम काढला तर म्हणतो, “काका, चीर राहू द्या, फक्त आतली वायर सुटलीय तेवढी लावा.” म्हटलं, फाटकंच ठेवायचं तर दुकानात कशाला आणलंस बाबा? तेव्हा त्यानं मोबाइलवर हे गाणं लावलं.

मोबाइलवर काही कळलं नाही. मग मी मोबाइल आमच्या आठ इंची टेस्टिंगच्या बॉक्सला जोडला आणि हातातलं काम थांबलं.

सुरुवातीला पियानो येतो, एकदम धावत. मग खालच्या पट्टीत बूगीची, म्हणजे फिरफिरून येणाऱ्या ठेक्याची, ओळ सुरू होते, ती गिटार आहे हे पहिल्यांदा ओळखूच येत नाही. आवाजाला कडा नाहीत, नुसती घरघर. ॲम्प जास्त रेटला तर आवाज चपटा होतो, करकरतो, पण नोट थांबली की तोही थांबतो. कोन फाटला असेल तर नोट सुटल्यावरही मागं फडफड राहते, कारण चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर आपटत असतात. या रेकॉर्डमध्ये मला दोन्ही ऐकू येतं. ॲम्प रेटलेला आहेच, पण मागची ती फडफड ॲम्पची नव्हे, कागदाची आहे.

झालं असं की मार्च १९५१ मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा ‘किंग्ज ऑफ ऱ्हिदम’ हा बँड हायवे ६१ नं मेम्फिसला निघाला होता. म्होरक्या आइक टर्नर, वय १९, पियानोवर. ब्लूज गाणाऱ्या बी. बी. किंगनं शब्द टाकला होता म्हणून सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत, ७०६ युनियन ॲव्हेन्यूला, रेकॉर्डिंग ठरलं होतं. गिटारवाल्या विली किझार्टच्या ॲम्पला वाटेत मार बसला. कुणी म्हणतं गाडीच्या टपावरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. माझं मत पडण्याच्या बाजूनं. भिजलेला कोन मऊ पडतो, फुगतो, त्याचा आवाज बसतो. हा आवाज बसलेला नाही, तडकलेला आहे. अर्थात सत्तर वर्षांपूर्वीच्या स्पीकरचं निदान मी रेकॉर्डवरून करतोय, तेव्हा जेवढं वजन द्यायचं तेवढंच द्या.

फिलिप्सनं कोनात कागदाचा बोळा कोंबला आणि टेप चालू केली. बोळ्यानं आवाज नीट झाला नाही, आणखीच बिघडला, आणि फिलिप्सला तो आवडला. तो सॅक्सोफोनसारखा वाजतोय असं त्याला वाटलं. ऐकून पाहा, गिटार सॅक्सोफोनांच्या घोळक्यात शिरून बसलीय, त्यांच्यातलीच एक होऊन. दुसऱ्या कुणी रेकॉर्डिंगवाल्यानं तिचा आवाज बारीक करून मागं ढकलली असती. यानं ती पुढं आणली. मी त्या जागी असतो तर बँडला बाहेर बसवून आधी स्पीकर दुरुस्त केला असता आणि रेकॉर्डची माती झाली असती.

गाणं आहे गाडीवर. ओल्ड्समोबिलची ‘रॉकेट ८८’ १९४९ मध्ये आली, व्ही-८ इंजिन, १३५ हॉर्सपॉवर. पोरींना फिरवायला नवी गाडी, यापलीकडं शब्दांत फार काही नाही. चालही पूर्ण यांची नाही. जिमी लिगिन्सच्या १९४७ च्या ‘कॅडिलॅक बूगी’वरून उचललेली, आणि ब्रेन्स्टननं ते पुढं कबूलही केलं. म्हणजे नक्कल-नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, मूळ रेकॉर्डच अर्धी उसनी आहे.

नावाचाही घोळ आहे. बँड टर्नरचा, पण हे गाणं गायलं त्याच्या सॅक्सोफोनवाल्या ब्रेन्स्टननं, आणि शिकागोच्या चेस कंपनीनं रेकॉर्ड काढली ती ‘जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स’ या नावानं. डेल्टा कॅट्स नावाचा बँड नव्हताच. जूनमध्ये रेकॉर्ड रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या गाण्यांच्या, यादीत पहिल्या नंबरवर गेली. आपल्याला यातून वीस डॉलर मिळाले असं टर्नर सांगायचा. ब्रेन्स्टननं गाण्याचे हक्क ९१० डॉलरला फिलिप्सला विकले, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. यशाच्या जोरावर फिलिप्सनं १९५२ मध्ये स्वतःची ‘सन’ कंपनी काढली. ब्रेन्स्टन काही वर्षांनी परत टर्नरच्याच बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायला उभा राहिला.

रॉक अँड रोलची पहिली रेकॉर्ड हीच का? हा वाद पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा या वादासारखा आहे, प्रत्येकाच्या खिशात पुरावा तयार. फॅट्स डॉमिनोची ‘द फॅट मॅन’ डिसेंबर १९४९ मध्ये रेकॉर्ड झालेली आहे. गोरी कार्टरच्या १९४९ च्या ‘रॉक अव्हाइल’मध्ये गिटार आधीच खरखरतेय. मी पहिलेपणाचे मार्क दिलेले नाहीत.

आता बिल हेली. मूळ रेकॉर्ड अजून गाजत होती तेव्हाच, जून १९५१ मध्ये, पेनसिल्व्हेनियात ‘सॅडलमेन’ या आपल्या कंट्री बँडला घेऊन त्यानं हे गाणं हॉलिडे नावाच्या छोट्या कंपनीसाठी केलं. सॅक्सोफोनच्या जागी स्टील गिटार. वाजवलंय स्वच्छ, ताल पक्का, कुठं काही घासत नाही, फडफडत नाही. दुकानातून ‘ओके टेस्टेड’चं स्टिकर लावून पाठवावं असं काम. आणि गाडी मात्र तिसऱ्या गिअरच्या पुढं जातच नाही. तरी तीन मार्क देतो, कारण काळ्या लोकांची रेकॉर्ड म्हणून ज्या गाण्याकडं गोरे कंट्रीवाले ढुंकून बघत नव्हते, ते या माणसानं उचललं. याच वाटेनं तो १९५४ मध्ये ‘रॉक अराउंड द क्लॉक’पर्यंत पोचला.

लिटल रिचर्डनं सगळं गाणं घेतलं नाही, फक्त सुरुवातीचा पियानो उचलून १९५८ च्या ‘गुड गॉली मिस मॉली’ला लावला. दोन्ही एकामागोमाग लावा, हसू येईल.

कॉटनची आवृत्ती ‘१००% कॉटन’ या अल्बमवर आहे. हा हार्मोनिकावाला पन्नाशीच्या दशकात स्वतः सनसाठी रेकॉर्ड करून गेलेला. त्यानं फाटक्या गिटारची नक्कल करायचा प्रयत्नच केला नाही, ती जागा हार्मोनिकानं भरली. मॅट मर्फीची गिटार वेगळ्या रस्त्यानं जाते. शहाणपणाचा निर्णय, म्हणून चार.

फाटक्या आवाजाची चटक मात्र लागली ती लागलीच. गिटारवाल्या लिंक रेनं १९५८ च्या ‘रंबल’साठी पेन्सिलीनं स्पीकरला भोकं पाडली. ‘किंक्स’ बँडच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये ब्लेडनं कोन कापला. १९६२ पासून हा आवाज मेस्ट्रो कंपनीच्या फझ बॉक्समधून विकतच मिळायला लागला, पायानं दाबा आणि फाडा. आमच्या धंद्यावर सरळ सरळ गदा! कुणी कोनला चीर पाडून द्या म्हणत दुकानात आलं तर मी देईन पाडून, पैसे रिकोनिंगचेच घेईन.

ऐकणाऱ्यांसाठी दोन सूचना. ‘रॉकेट ८८’ शोधलंत तर पीट जॉन्सनची ‘रॉकेट ८८ बूगी’ ही १९४९ ची पियानोची रेकॉर्डही समोर येईल. चांगली आहे, पण हे गाणं ते नव्हे. आणि मूळ रेकॉर्ड बऱ्याच संग्रहांत मिळते. त्यात खरखर साफ करून दिलेली आवृत्ती टाळा, कारण साफ करणाऱ्याला रेकॉर्डची खरखर कुठली आणि किझार्टच्या स्पीकरची कुठली ते कळत नाही, तो दोन्ही पुसतो. सगळं मिळून पावणेतीन मिनिटांचं काम आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, गिटार खालच्या पट्टीत आहे, ती तिथं पोचतच नाही. हेडफोन चालेल, आठ इंची बॉक्स असेल तर उत्तम. बास कमी करू नका आणि मधेच घरघर आली म्हणून आपला स्पीकर उघडायला घेऊ नका.