पश्चिमेकडचं सागवानी दार: पीयू की जवसाचं तेल?

आमचं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराचं दार पश्चिमेला आहे, म्हणजे मे महिन्यात दुपारभर ऊन सरळ अंगावर आणि नंतर पावसाची झड पण तिथूनच. याच दारावर मी दोन्ही करून बघितलंय, आधी पीयू (म्हणजे पॉलियुरेथेनचं पारदर्शक, चमकदार पॉलिश), आता डबल बॉइल्ड जवसाचं तेल, म्हणून ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

दिसायला पीयू पुढे, वादच नाही. पहिल्या दिवाळीला दार असं झळकत होतं की आलेला प्रत्येकजण हात फिरवून बघायचा. तेलाला ती चमक नाही, लाकूड नुसतं गडद होतं.

पण तिसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या फळीपासून पीयूचे पापुद्रे सुटायला लागले. क्लिअर कोटमधून ऊन आरपार जातं, कोटखालचा लाकडाचा थरच कमजोर होतो, मग कोट धरणार कशाला? त्यात दाराच्या तळाच्या कडेला मिस्त्रीने कोट मारलाच नव्हता, तिथून पाणी चढलं. बरं, निघालं तेवढंच दुरुस्त करू म्हटलं तर पॅच वेगळा दिसतो, शेवटी सगळं दार बिजागऱ्यांवरून उतरवून खरवडलं, आधी ८० नंबर, मग १२०, मग १८० चा पॉलिश पेपर, नक्षीच्या खाचांत तर पेपरची घडी करून बोटाने, चार दिवस गेले आणि रात्री दाराच्या जागी प्लायवूड लावून झोपायचो. माझा निर्णय तिथेच झाला.

तेलाचा पण त्रास आहेच. दरवर्षी लावायचं, आणि जास्तीचं पंधरावीस मिनिटांत फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं. पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके येतात, ते मी साबणाच्या पाण्याने धुतो, उरलेच तर हलका पेपर. पण दार जागेवरच राहतं आणि एका सकाळीत काम उरकतं. दिवाळीनंतर, उत्तरायणाच्या आधी करतो, हवा कोरडी असते. फक्त तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा.

ओट्यावरच्या झोपाळ्याला मात्र मी पीयूच ठेवलंय, तिथे सावली आहे आणि कपडे घासतात. तुमचं दार पण सावलीत असेल तर पीयू कदाचित छान टिकेल, फक्त डब्यावर एक्स्टीरियर लिहिलेलं बघून घ्या आणि तळाच्या कडेला कोट मारताना स्वतः उभे राहा.