कामाची इलेक्ट्रिक व्हॅन: देखभाल खरंच किती लागते?

इलेक्ट्रिक व्हॅन घेतल्यापासून प्लंबर भेटो, सुतार भेटो की एसीची कामं करणारा, पहिला प्रश्न ठरलेला: बॅटरी किती वर्षं टिकेल? प्रश्न रास्तच आहे, गाडीतला सर्वांत महागडा भाग तोच. पण मी वायरिंगची कामं करतो, गाडी रोज सामानाने खच्चून भरलेली असते आणि इतक्या महिन्यांत मोठ्या बॅटरीने मला एकदाही अडवलेलं नाही. अडवलं ते बॉनेटखालच्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीने. म्हणून गाडी घेताना ज्या भागांचा कुणी विषयच काढत नाही, त्यांच्याबद्दल जास्त लिहितो.

आधी काय सुटलं ते सांगतो. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, टायमिंग बेल्ट, क्लच, सायलेन्सर हे सगळं यादीतून गेलं. आमच्या धंद्यात गाडी दोन-चार किलोमीटर जाते, तासन् तास उभी राहते, परत थोडी जाते. डिझेल गाडीला असं चालणं सोसत नाही. इंजिन पुरतं तापतच नाही आणि धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ तुंबत जातो. आधीच्या गाडीत त्याचा दिवा लागला की काम नसताना हायवेवर चक्कर मारून आणावी लागायची. ती कटकट मुळापासून संपली. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी परत डिझेलकडे जाणार नाही.

आता 12 व्होल्टबद्दल. मोठी बॅटरी मोटरच्या सर्किटला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, ओढले जातात ते या छोट्या बॅटरीच्या जोरावर. दारांची लॉक, कंट्रोलर, डिस्प्ले, सगळं तिच्यावरच. ती बसली की मोठी बॅटरी फुल्ल असूनही गाडी जागची हलत नाही. सुट्टीनंतरच्या एका सकाळी माझं तेच झालं. रिमोट दाबला तर काही नाही, दार साध्या चावीने उघडावं लागलं. मीटर लावला तर जेमतेम 9 व्होल्ट. भरलेली बॅटरी निवांत असताना 12.6 च्या आसपास दाखवते. तिकडे साइटवर माणसं खोळंबलेली.

बूस्टरने गाडी सुरू केली आणि संध्याकाळी डीसी क्लॅम्प मीटर घेऊन बसलो. गाडी लॉक करून सगळे कंट्रोलर झोपेपर्यंत थांबलो. त्यानंतर करंट 50 मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. माझ्याकडे तो एक अँपिअरच्या वर होता. एकेक फ्यूज काढत गेलो तरी उतरेना, तेव्हा कळलं की ही लाइन फ्यूजबॉक्समधून आलेलीच नाही. मागे शेल्फ बसवून देणाऱ्याने एलईडी पट्ट्या आणि हत्यारांच्या बॅटऱ्या चार्ज करणारा इन्व्हर्टर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर जोडले होते. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी करंट खातो. एक अँपिअर म्हणजे दिवसाला 24 अँपिअर-तास. एवढ्याशा क्षमतेच्या बॅटरीचं दोन दिवसांत काय होणार ते उघड आहे. मी ती लाइन काढली, टर्मिनलजवळ फ्यूज टाकला, पुढे रिले घातला आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तोडणारा कटऑफ बसवला. ज्यांचा हत्यारांचा वापर जास्त आहे त्यांनी सामानाच्या बाजूला वेगळी सहाय्यक बॅटरीच ठेवावी. आणि 12 व्होल्टची बॅटरी तपासणं प्रत्येक सर्व्हिसमध्ये सांगून करून घ्यावं. आपणहून ते कुणी करत नाही.

शेल्फचा विषय निघालाच आहे तर: या गाड्यांची मोठी बॅटरी फरशीखाली असते. ड्रिल चालवण्याआधी कंपनीचं रेखाचित्र हातात असायलाच हवं. शक्यतो कारखान्यातून आलेल्या बोल्टच्या जागाच वापराव्यात. नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, तिच्या वाटेलाही जायचं नाही. जॅक आणि लिफ्टसुद्धा ठरवून दिलेल्या जागीच लावायची. टायरवाल्याने घाईत बॅटरीच्या खोक्याखाली जॅक सरकवू नये म्हणून मी त्या जागांवर रंगाने खुणा करून ठेवल्या आहेत.

ब्रेकचं प्रकरण उलटं आहे. पॅड झिजतच नाहीत म्हणावं इतके कमी झिजतात, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते. पण वापर नसला की डिस्क गंजते. पावसाळ्यात टायर काढून बघितलं तेव्हा मागच्या डिस्कच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीचा तांबूस पट्टा धरलेला होता आणि कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) एक पिन हाताने सरकेना. अशी पिन अडकली की पॅड एकाच बाजूने घासतो आणि गाडी रेंजही खाते. पिना साफ करून योग्य ग्रीस लावायचं काम वर्षातून एकदा तरी करून घ्या, पॅड कोरे दिसत असले तरी. मी स्वतः अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर रीजेन (मोटरने वेग कमी करून वीज परत बॅटरीत भरणं) कमीत कमी ठेवून चार-पाच वेळा दमदार ब्रेक मारतो, डिस्क घासून स्वच्छ होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्याला गाडी चालली किती याच्याशी देणंघेणं नसतं. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचंच.

टायरवर मात्र खर्च धरून चाला. बॅटरीचं वजन, वर आपलं सामान आणि पाय ठेवताक्षणी मिळणारा पूर्ण टॉर्क, हे सगळं टायरांवर येतं. बदलताना व्यावसायिक गाड्यांचे ‘सी’ खुणेचे टायर आणि बरोबर लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो तो आकडा) बघूनच घ्यावेत. भरलेल्या गाडीची हवा वेगळी असते, दाराच्या चौकटीवर ती लिहिलेली असते. शिवाय बॅटरीच्या वजनामुळे सामानाला उरणारी मर्यादा बऱ्याचदा डिझेलपेक्षा कमी असते. केबलचे ड्रम वाढवत गेलात तर सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट आधी बोलायला लागतील. छतावरची शिडी काम नसताना उतरवून ठेवली तर रेंजमध्ये फरक जाणवतो.

चार्जिंगबद्दल, धंदाच तो असल्यामुळे, जरा कडक बोलतो. घरच्या वापराला धरून काढलेली लाइन तासन् तास सलग भार घेण्यासाठी नसते. सॉकेटची पकड ढिली असेल तर तिथला रोध वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. तासाभराच्या चार्जिंगनंतर प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, पण चटका बसला किंवा प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं दिसलं तर तिथेच थांबा. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनच्या रिळावर गाडी कधीही लावू नका, आतली वेटोळी तापून इन्सुलेशन वितळतं. चार्जरला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, पक्कं अर्थिंग आणि योग्य आरसीडी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवीच. टाइप बी, किंवा चार्जरमध्येच 6 मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर टाइप ए. गाडीच्या पोर्टमध्ये सिमेंटची आणि लाकडाची धूळ बसते, पोर्टला झाकण लावायची सवय ठेवा. तिथे प्रेशर वॉशरचा फवारा मारू देऊ नका.

मोठ्या बॅटरीचं थोडक्यात. रात्री संथ चार्जिंग, फास्ट चार्जर गरजेपुरता, आणि गाडी उन्हात 100 टक्क्यांवर फार वेळ उभी ठेवायची नाही. लिथियम बॅटरीचे दोन नेहमीचे प्रकार एनएमसी आणि एलएफपी. एनएमसी असेल तर रोज 80 टक्क्यांपर्यंत पुरे. एलएफपी असेल तर कंपनी सांगते तशी अधूनमधून पूर्ण भरावी, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो. वॉरंटी बहुतेक कंपन्या 8 वर्षं आणि 70 टक्के क्षमता या हिशेबाने देतात, पण किलोमीटरची मर्यादा आणि सर्व्हिसच्या अटी नीट वाचा.

बॅटरी थंड ठेवणारा कूलंट साध्या गाडीचा टाकून चालेलच असं नाही, आणि एसीचंही तसंच आहे. कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्यात वीज न वाहणारं पीओई प्रकारचं ऑइल असतं. गॅस भरणाऱ्याने आपल्या मशीनमधलं नेहमीचं पीएजी ऑइल आत जाऊ दिलं तर इन्सुलेशन घसरतं आणि गाडी फॉल्ट दाखवून उभी राहू शकते. मी गॅस भरायला जाताना हे आधी विचारतो, पटणारं उत्तर आलं नाही तर गाडी वळवतो.

बाकी सरकत्या दाराचे रोलर, डिकीचे शॉक आणि बिजागऱ्या इलेक्ट्रिकमध्येही तितक्याच झिजतात. प्लास्टरची कामं असतील तर दाराचा ट्रॅक ब्रशने झाडत जा, केबिन फिल्टरही पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी बदला.

गाडी घेण्याआधी दोन गोष्टी विचारून ठेवा. जवळच्या वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस रोज असतो की आठवड्यातून एकदाच येतो? आणि गाडी बंद पडली तर सपाट ट्रक येणार की दोरी घेऊन कुणीतरी? मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर मोटर फिरत राहते आणि इलेक्ट्रॉनिक्स खराब होऊ शकतं. विम्यातल्या रस्त्यावरच्या मदतीत सपाट ट्रक लिहून घेतलेला असू द्या.