पहिला फ्लाय रॉड: रीलचा घ्यावा की तेनकारा?

फ्लाय फिशिंगला, म्हणजे फ्लायने (पिसे-दोरा गुंडाळून किड्यासारख्या केलेल्या हलक्या गळाने) मासे धरण्याला, सुरुवात करणाऱ्याने पहिला रॉड कोणता घ्यावा, असे विचारले की बहुतेक जाणकार नऊ फुटी, पाच नंबरच्या लाइनचा (हा नंबर लाइनच्या वजनाचा) रॉड आणि रील असे उत्तर देतात, आणि त्यात वावगे काही नाही. या एका संचावर ओढा, नदी आणि तलाव अशी तिन्ही पाणी निभावून नेता येतात. दुसरा पर्याय जपानच्या डोंगरी ओढ्यांवर घडलेल्या तेनकाराचा. एकात एक सरकणाऱ्या कांड्यांचा लांब, लवचीक रॉड, त्याच्या टोकाला थेट बांधलेली साधारण रॉडइतकीच लांब लाइन, पुढे मीटरभर टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा, आणि फ्लाय, रील नाहीच. मी दोन्ही वापरले आहेत आणि दोन्हींविषयी मला आदर आहे.

रीलच्या रॉडमध्ये फेकीचे वजन फ्लायमध्ये नसून लाइनमध्ये असते. पाच नंबरच्या लाइनचे पुढचे तीस फूट सुमारे 9 ग्रॅम भरतात. ही लाइन पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे आणि मगच हात पुढे आणायचा, हा ठेका अंगात मुरायला सवड लागते, आणि त्याच वेळी दुसऱ्या हातात सुटी लाइन सांभाळायची असते. तेनकाराची फेक आखूड आणि एकहाती असल्यामुळे ती बरीच लवकर जमते.

तरीही माझा कौल फेकीने ठरला नाही, तो ठरला ड्रॅगमुळे, म्हणजे प्रवाहात सापडलेल्या लाइनने फ्लाय ओढली जाण्यामुळे. ओढ्यात मधली धार जोरात धावत असते आणि तिच्या पलीकडे, खडकाच्या आडोशाला, पाणी जवळजवळ थांबलेले असते; ट्राउट पुष्कळदा तिथेच दबा धरून असतो. फ्लाय त्या संथ पाण्यात बरोबर पडते, पण मधे पसरलेली लाइन धारेत सापडते, तिला खालच्या अंगाला बाक येतो, आणि क्षणात फ्लाय ओढली जाऊन पाण्यावर बारीक रेघ उमटवत घसरू लागते. वाहत आलेला किडा असा चालत नाही, हे मासा जाणतो. तो खालून वर येतो, फ्लायला नाक लावल्यासारखे करतो आणि माघारी वळतो. यावरचा उपाय मेंडिंगचा, म्हणजे रॉडच्या टोकाने लाइनचा बाक प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकण्याचा. परंतु ते करताना फ्लाय जागची हलू न देणे नवशिक्याला फार जड जाते. माझे सारे लक्ष लाइनमध्ये अडकून राही आणि पाणी वाचायचे (प्रवाह पाहून मासा कुठे असेल ते ताडायचे), जी या छंदातील खरी विद्या आहे, ते मागे पडे. तेनकाराचे टोक उंच धरले की जवळजवळ सगळी लाइन हवेत राहते, पाण्याला टेकते ते फक्त फ्लाय आणि थोडेसे टिपेट, आणि फ्लाय त्या आडोशात हवी तितकी रेंगाळते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. रॉडच्या आणि लाइनच्या लांबीपलीकडे तेनकारा पोहोचत नाही, वाऱ्यात त्याची हलकी लाइन भरकटते, आणि मोठा मासा पळू लागला तर सोडायला जादा लाइन नसते. अशा वेळी माशामागे चालत जावे लागते किंवा टिपेट तुटू द्यावे लागते. तुमच्या जवळचे पाणी तलावाचे किंवा रुंद नदीचे असेल, तर बहुधा रीलचाच रॉड सोयीचा ठरेल.

पाणी मात्र ओढ्याचे किंवा लहान नदीचे असेल, तर मी तेनकारानेच सुरुवात करावी असे सुचवीन. 3.6 मीटरच्या आसपासचा रॉड घ्यावा आणि टिपेट 5एक्सपेक्षा (एक्सचा आकडा जितका मोठा, तितके टिपेट बारीक) जाड बांधू नये, कारण ताण बसल्यावर रॉडच्या आधी टिपेट तुटायला हवे. फ्लाय झाडात अडकली तर रॉडने हिसका देऊ नये. कांड्या आत सरकवून, लाइन हातात धरून सरळ ओढावी. या रॉडची टोकाची कांडी काडीइतकी बारीक असते आणि ती बहुतेक वेळा माशाने नव्हे, तर अशा हिसक्यानेच मोडते.