आंजर्ल्याचं घर आणि ‘काम बघणारा’: पाचपैकी चार तारे

3 जून 2020 ला निसर्ग वादळानं आंजर्ल्याच्या आमच्या घराचं छप्पर नेलं आणि मागची पोफळीची बाग आडवी केली. आम्ही डोंबिवलीत. दर शनिवारी उठून दापोली गाठणं या वयात जमत नाही, म्हणून नवं बांधकाम तिथल्याच एका प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाल्याला बघायला दिलं. गावात त्याला ‘काम बघणारा’ म्हणतात. तो गवंडी नाही, ठेकेदारही नाही. अंदाजपत्रक, ठेकेदाराशी करार, मापं, बिलांची तपासणी आणि कामावर नजर, एवढंच त्याचं. खाली तक्रारीही आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

मी 31 वर्षं बँकेत कर्जखात्यात काढली. बांधकामवाले कसे बुडतात ते फायलींमध्ये बघितलंय. पहिल्या भेटीत चहा यायच्या आत विचारलं, “नोटाबंदीत काय केलंत?”

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. तेव्हा मुंबईकरांच्या बंगल्यांच्या 14 साइट चालू होत्या, दारात हप्त्यावरचा जेसीबी. नोव्हेंबर 2016 मध्ये शनिवारच्या पगाराला रोकड मिळेना, प्लॉटवाले फोन उचलेनात. वर्षभरात तीन साइट उरल्या, जेसीबी तोट्यात गेला. तेव्हापासून यंत्र घ्यायचं नाही, माल भरून ठेवायचा नाही आणि गिऱ्हाइकाचा पैसा आपल्या खात्यातून फिरवायचा नाही, असं त्यानं ठरवलं. आमच्याकडेही तसंच झालं. सिमेंट, चिरा (भिंतीचा जांभा दगड), सळई, सगळी जीएसटीची बिलं माझ्या नावावर, पैसे मी थेट दुकानदाराला. त्याला फक्त फी. लॉकडाऊनमध्ये हा कसा टिकला, ते मग विचारावं लागलं नाही.

फी ठरली खर्चाच्या 8 टक्के. काम ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालं. जोत्याला सळई 61 रुपये किलोनं घेतली. पुढे युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि एप्रिलमध्ये तीच सळई 78 वर. स्लॅब मेमध्ये ओतायचा होता. एका रात्री त्याचाच फोन आला.

“काकू, टक्केवारी बंद करू या. भाव चढला की माझी फी चढते, आणि सळई आत्ता घ्या की थांबा, हेही मीच सांगणार. बरं दिसत नाही ते.”

ठोक फी ठरली, टप्प्याटप्प्यानं द्यायची. आणि लगेच पुढचं वाक्य, स्लॅब पावसानंतर टाकू. कोकणात उघड्या भिंती पावसात ठेवायच्या म्हणजे माझ्या पोटात गोळाच आला. चिरा पाणी पितो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं भिंतींच्या माथ्यावर सिमेंटचा थर देऊन वर ताडपत्री बांधली. मेच्या शेवटी केंद्रानं पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर 15 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि भाव उतरले. ऑक्टोबरमध्ये मला सळई 59 नं मिळाली. सव्वादोन टनांवर 42,750 रुपये वाचले, त्यातले 5,200 ताडपत्री आणि मजुरीत गेले. कौतुक केलं तर म्हणाला, “नशीब, काकू. उलटंही झालं असतं.”

स्लॅबच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. सेंट्रिंगवाल्यानं, म्हणजे स्लॅबखालचा साचा बांधणाऱ्यानं, बीमच्या सळईखाली फुटक्या लादीचे तुकडे सरकवले होते. यानं खिशातून टेप काढून माप घेतलं, जेमतेम 20 मिलिमीटर. समुद्रकाठी बीमला कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, 45 हवं, आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात तसं लिहिलंय. सेंट्रिंगवाला म्हणे, आजवर असंच करतोय. काही न बोलता हा मागे गेला आणि आमच्या जुन्या न्हाणीच्या पाडलेल्या स्लॅबमधली सळई घेऊन आला. सेंट्रिंगवाल्याच्या हातात दिली. बोटानं दाबली तर पापुद्रे सुटले. सिमेंटचे कव्हर ब्लॉक लावून होईस्तोवर दिवेलागण झाली.

आता तक्रारी. रोज फोटो पाठवायचं कबूल केलं होतं, पहिल्या महिन्यानंतर ते तिसऱ्या दिवसावर आलं. साइटवरचा पोरगा दोनदा बदलला, दोन्ही वेळा नव्याला सगळं मीच फोनवरून समजावलं. आणि वेळापत्रकात शिमगाच धरला नव्हता! दापोलीत जन्म काढलेला माणूस, पालखी आली की गडी गावाला जाणार हे विसरतो? मार्चचे 11 दिवस तिथं गेले.

सध्या तो सहाच साइट घेतो, त्यातल्या निम्म्या दुरुस्तीच्या. नवी घरं थांबली तरी गळकी छपरं थांबत नाहीत, हे त्याचं म्हणणं. त्याच्याकडे जायचं तर पावसाळ्यात जा, तेव्हा बसून बोलतो. दिवाळीनंतर फोन लागत नाही.

एक तारा न्हाणीघरासाठी कापलाय. उतार दाराकडे काढला होता. लादी उखडून निम्म्या खर्चात पुन्हा बसवून दिली, पण कोपऱ्यात वाटीभर पाणी अजून साचतंच. मी रोज वायपर मारते.